आमची वाटचाल: उद्यमनगरातली फ्रेंच पिस्तुलं

आमचा मूळ धंदा पितळी ओतकामाचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांनी शेड टाकली तेव्हा पंपांचे सुटे भाग एवढंच काम होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका निर्यातदारानं मापं आणि फोटो आणून दिले: फ्रेंच घोडदळाचं 1777 चं, चकमकीच्या दगडानं ठिणगी पाडून उडणारं पिस्तूल, त्याची हुबेहूब नक्कल हवी होती. नळीखाली लाकूड नाहीच, सगळी कळ, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, पितळेच्या ओतीव सांगाड्यात बसलेली. बाबा फोटो बघून म्हणाले, "हे तर आपलंच काम आहे." तिथून सुरुवात झाली.

ही पिस्तुलं युरोपात जुन्या लढाया मैदानावर पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक घेतात. ते नुसते हौशी नाहीत, बटणाच्या घडणीवरून साल सांगतात. आमचे सुरुवातीचे दस्ते शिसवीचे होते. चकाकायचे छान, पण मूळ दस्ता अक्रोडाचा. आता काश्मिरी अक्रोडच वापरतो. महाग पडतो, तरी तडजोड नाही.

खरी परीक्षा कळीची. ही रचना फ्रान्सचीच. 1610 च्या सुमारास नॉर्मंडीतल्या लिझ्यूच्या मारँ ल बूर्ज्वा या कारागिरानं ती सिद्ध केली असं मानतात. रंजक म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू; तिच्या वाटीचं झाकण आणि ठिणगी पाडणारं पोलाद या कळीत एकाच तुकड्यात असतं. घोडा, म्हणजे चकमक धरणारा खटका, पडला की चकमक पोलादाला घासते, त्याच धक्क्यानं झाकण उघडतं आणि ठिणग्या थेट रंजकावर पडतात. हे पोलाद मऊ राहिलं तर चकमक नुसतीच ओरखडे काढते, फार कडक झालं तर तडकतं. आमच्या पहिल्या पन्नासातली तीस झाकणं मऊ निघाली. मिस्त्रींनी हाडांच्या कोळशात घालून ती पुन्हा तापवली, पाण्यात विझवली, अंधाऱ्या खोलीत एकेक घोडा पाडून पाहिला. पिवळट नाही, पांढऱ्या ठिणग्या हव्यात, असं ते सांगत. आजही प्रत्येक नग त्याच खोलीतून बाहेर पडतो. नळीला कान, म्हणजे रंजकाची आग आत नेणारं भोक, मात्र आम्ही पाडत नाही. तो पाडायचा की नाही हे घेणाऱ्यानं आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे, परवानाधारक कारागिराकडून ठरवायचं.

एक चूक मात्र मनाला लागली. युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धातली (1756-63) 1757 ची रॉसबाखची लढाई मैदानावर पुन्हा उभी करणाऱ्या एका फ्रेंच गृहस्थांना आम्ही 1763 च्या नमुन्याची जोडी पाठवली. युद्ध संपलं त्या सालचं पिस्तूल! त्यांनी रागावून नव्हे, हळहळून कळवलं. त्यांना हवा होता 1733 चा नमुना. त्या वेळी आम्हाला 'फ्रेंच घोडदळ' एवढंच कळत होतं, साल बघायची सवयच नव्हती. नंतर दीड वर्ष खपून 1733 ची जोडी केली. खोगिराच्या पुढे दोन्ही बाजूंना चामडी घरं असत, त्यामुळे पिस्तुलं जोडीनंच लागतात. ती त्यांना पाठवली, बिल केलं नाही.

आता प्रत्येक ऑर्डरवर आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो: कुठली लढाई, कोणतं साल? उत्तर आल्याशिवाय साचा भरत नाही.