रिपोर्टची वाट बघताना गेलेले दिवस: बहिणीच्या आजारपणाचा माझा अनुभव

माझी धाकटी बहीण, वय 21. एकाएकी "मोबाईलमधून माझ्यावर नजर ठेवतायत" म्हणायला लागली, रात्ररात्र झोपेना. मावशीने देवचाराचं (गावच्या राखणदार भुताचं) म्हणून गाऱ्हाणं घातलं, आम्ही गोव्यातल्या डिचोलीहून मानसोपचार डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी उलट अंग ताठ व्हायला लागलं, मग काहीतरी चघळत असल्यासारखी तोंडाची हालचाल, आणि मग फिट. त्या डॉक्टरबाई तेव्हाच म्हणाल्या, हे नुसतं मनाचं नाही, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. त्यांचे उपकार विसरणार नाही.

एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) बिघडलेला, पाठीतल्या पाण्यात (मणक्यात सुई घालून काढतात ते) पेशी वाढलेल्या. संशय अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसचा, म्हणजे मेंदूला सूज येण्याच्या एका आजाराचा. यात शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूतल्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर) चालून जातात. नक्की करायला पाठीतल्या पाण्याची अँटिबॉडी टेस्ट, आणि आमचं सँपल गोव्याबाहेर जाणार होतं.

इथेच सगळं अडलं. वॉर्डात विचारलं की "रिपोर्ट येऊ दे, मग बघू", कलेक्शन सेंटरला फोन केला की "गेलंय, गेलंय", आणि इकडे बहीण आईला ओळखेना, कधी तासन् तास एकाच कोनात हात धरून बसायची तर कधी नळी उपटायची म्हणून हात बांधून ठेवावे लागायचे. शेवटी मी स्वतः सेंटरवर जाऊन उभा राहिलो, सँपल कुठल्या कुरिअरने गेलं त्याचा नंबर द्या म्हटलं. तिथल्या पोराने फ्रीज उघडला तर आत बहिणीच्या नावाची ट्यूब, रबर बँडने फॉर्म गुंडाळलेला. का नाही पाठवलं? तर फॉर्मवर आजाराच्या माहितीचा रकाना डॉक्टरने भरला नव्हता. अरे, त्याच फॉर्मवर माझा मोबाईल नंबर होता ना, एक फोन करायला काय जात होतं? अजून आठवलं की डोकं तापतं.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मोठे न्यूरोलॉजिस्ट आले, त्यांनी फाईल बघून सरळ सांगितलं की लक्षणं, ईईजी, पाणी सगळं जुळतंय, दुसरं कारण सापडत नाही, रिपोर्टसाठी उपचार थांबवायचे नाहीत. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 1 ग्रॅम, 5 दिवस, सोबत आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटिबॉडीचं औषध). रिपोर्ट नंतर पॉझिटिव्ह आला. सुधारणा हळूहळू. एके दुपारी तिने आईला विचारलं, "माझी परीक्षा झाली काय?" आई बाहेर येऊन रडली.

कोणाच्या घरी असं असेल तर डॉक्टरला स्पष्ट विचारा, "रिपोर्टआधी उपचार सुरू करता येतील का?" लवकर सुरू केले तर बरं होण्याची शक्यता वाढते. फक्त रक्तातली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका, सुमारे 14 टक्के पेशंटना अँटिबॉडी पाठीतल्या पाण्यातच सापडते. तोंडाच्या हालचालीचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरसमोर नेमकी ती होत नाही. मुलींमध्ये अंडाशयाची सोनोग्राफी हवीच, हा आजार भडकवू शकणारी टेराटोमाची गाठ तिथे असली तर काढावी लागते. हिची नव्हती. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं) किंवा इन्शुरन्स असेल तर निदान नक्की झाल्यावर कागदावर एन्सेफलायटिस लिहिलंय ना बघा, आमच्या कागदावर नुसतं सायकोसिस, म्हणजे मानसिक आजार, होतं, ते बदलून घेताना परत धावपळ झाली.

साधारण 12 टक्के लोकांना 2 वर्षांत हा आजार उलटतो, म्हणून आमचं फॉलोअप चालूच आहे. झोप बिघडली की आम्ही लगेच फोन करतो. आणि सँपल दिलं की कुरिअरचा नंबर त्याच दिवशी मागून घ्या, "गेलंय" ऐकून घरी येऊ नका.