माळ खुंटीला, पोरं पुण्याला

अण्णांच्या गुडघ्यांनी यंदा साफ नकार दिला, आणि टाळकऱ्यांच्या रांगेतली त्यांची जागा रिकामी राहू नये म्हणून मी वारीला गेलो. भक्ती वगैरे काही उफाळून आली नव्हती. आमची दिंडी परभणीकडची, माऊलींच्या रथामागची. आजोबा ज्या रांगेत उभे राहायचे, त्याच रांगेत अण्णा. "जागा मोडू नको," एवढंच म्हणाले. त्यांची बंडी मला ढगळ झाली, टोपी बरोबर बसली. कंपनीत बिनपगारी रजा टाकली आणि मॅनेजरला 'घरचं कार्य आहे' असं सांगितलं. ते तसं खोटंही नव्हतं.

आमच्या दिंडीत माझ्या वयाचे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. बाकी सगळे पन्नाशीच्या पुढचे. त्यामुळे आळंदी सोडल्यापासून मी चालता-बोलता पुरावा झालो होतो. जो तो विचारायचा, "तू आलास, आमचं का येत नाही?" उत्तरही विचारणाऱ्याकडेच तयार असायचं: मोबाईल. आमचे विणेकरी नाना तर ठाम होते, मोबाईलनं नासवली पोरं. हे सांगताना नानांच्या स्वतःच्या उशाशी मोबाईलवर कुठल्याशा महाराजांचं कीर्तन चालू असायचं आणि आख्ख्या राहुटीला ऐकू जायचं.

मला मोबाईलचं हे कारण कधी पटलं नाही. सोडणं फार आधी सुरू होतं, आणि त्यात कुणी काही ठरवत नाही. प्यू या अमेरिकन संस्थेनं 2021 साली भारतातल्या धर्माबद्दल मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तीत 97 टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. मला कुणी विचारलं असतं तर मीही हो म्हणालो असतो. फॉर्मवर हिंदू, घरात गणपती, दिवाळीत लक्ष्मीपूजन. पण गळ्यात माळ नाही, एकादशी कधी येते ते कॅलेंडर बघितल्याशिवाय कळत नाही आणि हरिपाठ अर्धा विसरलेला. हे गळणं कुठल्याच रजिस्टरात चढत नाही.

हरिपाठाचं मला वारीतच नीट कळलं. संध्याकाळी सगळे उभे राहिले, टाळ वाजले, आणि पहिले आठ-नऊ अभंग माझ्या तोंडातून आपोआप बाहेर आले. लहानपणी मारुतीच्या देवळात रोज म्हणायचो. पुढे मात्र नुसते ओठ हलत होते. हात चुकले नाहीत. पावली चुकली नाही. टाळाची दोरी बोटांना काचून पहिल्या मुक्कामालाच फोड आले. शेजारच्या काकांनी धोतराची चिंधी फाडून दोरीला गुंडाळून दिली आणि ठेका जरा घसरला की कोपरानं ढोसायचे. दहा वर्षांचा असताना अण्णाही असेच ढोसायचे. तेव्हा दिंडीत मला काम होतं. म्हाताऱ्यांना पाणी नेऊन देणं, पताका धरणं, ट्रकमधून वळकट्या उतरवणं. दहावीनंतर शिकायला पुण्यात आलो आणि ते काम सुटलं. सुट्टीत गावी गेलो की देवळात पाहुणा म्हणून बसायचो, पुढच्या सतरंजीवर. पाहुण्याला कोण ढोसणार?

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, 30 किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी एकादशी. म्हणजे साबुदाणा, केळी, शेंगदाण्याचे लाडू यांवर घाट चढायचा. त्या दिवशी तरुणांची कमतरता नसते. आयटी दिंडीवाले एकसारखे टीशर्ट घालून येतात, कॉलेजची पोरं येतात, कॅमेरे येतात. आमच्या दिंडीतले लोक त्यांना हसतात, मला ते हसणं आवडत नाही. एक दिवस का होईना, चालतात. पण सासवडला ती गर्दी ओसरते आणि तिथून पुढे जेजुरीच्या वाटेवर पुन्हा पांढरी डोकीच दिसतात. पुढच्या सगळ्या मुक्कामांसाठी लागते ती रजा, आणि रजा पंचांग बघून मिळत नाही. अण्णांच्या पिढीला मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली की उसंत असायची. चुलतभाऊ डवरणी बघायचे. आता एका घरात एक पोरगा, तोही हिंजवडीत.

घाटात माझ्याबरोबर ऑफिसातला एक मित्र होता. तो बौद्ध. सोबत म्हणून सासवडपर्यंत आला होता. चढावर दम लागलेला असताना सहज म्हणाला, "माझा पणजोबा माळकरी होता, माहितीये? दरवर्षी पायी यायचा." मला माहीत नव्हतं. पणजोबा पंढरपूरला यायचा आणि बाहेरूनच कळसाला हात जोडून परत जायचा, कारण आत जायची सोयच नव्हती. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं ते 1947 साली, म्हणजे इतक्या शतकांच्या वारीनंतर. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं. जिथं देव दुरून बघावा लागतो तिथं कशाला, आपण दुसरं पंढरपूर उभं करू, असं बाबासाहेबांनी त्यांना सांगितल्याची आठवण मित्राच्या घरात अजून सांगतात. 1956 साली त्याचा आजोबा विशीतला होता. बापाची माळ देव्हाऱ्यात होती आणि पोरानं धम्म स्वीकारला. "आजोबा म्हणायचा, बाप रडला, पण अडवलं नाही."

घाटमाथ्यावर आम्ही चहा घेतला. मला राहून राहून वाटत होतं की त्याच्या आजोबानं धर्म सोडला तो जसा सोडायचा असतो तसा सोडला. का सोडतोय ते सांगून, बापासमोर उभं राहून, आणि हातात दुसरं काही घेऊन. आमच्या पिढीचं तसं काही नाही.

आमच्या शेतात सालगड्यासाठी वेगळा कप होता. गोठ्याच्या वळचणीला, कान तुटलेला. सातवी-आठवीत असताना मी अण्णांना विचारलं होतं, तुम्ही वारीत सगळ्यांच्या पाया पडता, मग हा कप वेगळा का? "रीत आहे," म्हणाले. मी त्या कपापायी माळ सोडली असं आज सांगितलं तर ऐकायला छान वाटेल. पण होस्टेलच्या मेसमध्ये एकादशीला उपासाचं मिळत नव्हतं, म्हणून पोळी-भाजी खाल्ली आणि काही झालं नाही, इथून ते सुरू झालं. मग मित्राच्या वाढदिवसाला बिर्याणी. माळ सुटकेसच्या कप्प्यात गेली. कप मला नंतर आठवला, कुणी विचारलं की सांगायला. माझ्या ओळखीच्या बहुतेकांचं असंच आहे. कारणं खरी असतात, पण सोडणं आधी होतं आणि कारण मागून येतं.

गावाकडे राहिलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. दिंडीचालकांचा मुलगा प्लॉटचा धंदा करतो. फलटणला बुलेटवर आला, सगळ्यांच्या पाया पडला, दिंडीला एक वेळचं जेवण दिलं आणि संध्याकाळी परत गेला. माळ खुंटीला. शेतातल्या पार्ट्या सांभाळायच्या तर गळ्यात माळ कशी चालणार? शिवाय लग्नाचा प्रश्न. पूर्वी पोरगा माळकरी म्हटलं की मुलीकडचे निर्धास्त व्हायचे, दारूचा घोर नाही म्हणून. आता मुलीच विचारतात, घरात मटण शिजतं का, की लपून खावं लागेल? एका स्थळानं याच मुद्द्यावर नकार दिल्याचं त्यानं स्वतःच हसत सांगितलं.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. घोडा समोरून धावत गेला, टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे वाकले, मीही वाकलो. का वाकलो ते विचारू नका. त्या गर्दीत आमच्या दिंडीतल्या एका आजीची नात भेटली, नर्सिंगला शिकणारी. आजीला एकटीला सोडवत नाही म्हणून आली होती. तिच्या आईला ते पसंत नव्हतं, कारण मध्येच पाळी येणार होती. घरात त्या दिवसांत तिला देवघराच्या उंबऱ्याशीही फिरकू देत नाहीत. पाळी आली ती इथेच, आणि ती आजीबरोबर चालत राहिली, तुळस डोक्यावर घेऊन.

"मी आजीला सांगितलं, तर म्हणाली, वाटंवर कुठं इटाळ असतो का गं? मग म्हटलं, वाटेवर विठोबाला चालतं तर घरात का नाही? तर म्हणाली, घर तुझ्या आईचं हाय."

मला हसू आलं, तिला नाही. कीर्तनाला का बसत नाहीस, असंही मी विचारलं. म्हणाली, पहिला अर्धा तास आमच्या जीन्सवर, पुढचा अर्धा तास पळून जाणाऱ्या पोरींवर, लोक खदखदून हसतात, मग शेवटी दहा मिनिटं अभंग. त्या दहा मिनिटांसाठी तेवढं कोण ऐकून घेईल? सगळेच कीर्तनकार असे नसतात, हे मी सांगायला गेलो. पण मोबाईलवर ज्यांची कीर्तनं फिरतात ती बरीचशी अशीच असतात. नानांच्या उशाशी चालायचं तेही त्यातलंच.

वारीत मला सगळ्यात आवडते ती समाजआरती. दिवस संपला, पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती गोळा होतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात सगळं थांबतं, हजारो टाळ एकदम. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तर तिनं थांबायचं नाही. टाळ वाजवत राहायचं. मग चोपदार त्यांच्यापाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा होतो, तेव्हा ते टाळ थांबतात. त्याशिवाय आरती होत नाही. एका मुक्कामी पाण्याच्या टँकरवरून एक दिंडी अशी वाजवत राहिली होती. आमच्यातले काही वैतागले, पाय दुखत होते, भूक लागली होती. पण "गप बसा" असं त्यांना कुणी म्हणालं नाही. म्हणताच येत नाही, तशी शिस्तच आहे.

ती नर्सिंगवाली मुलगी माझ्याजवळच उभी होती. म्हणाली, "आमच्या घरी ही पद्धत पाहिजे."

तळावर जे बसवता आलं ते घराघरांत का बसवता आलं नाही, याचं उत्तर मी नानांना विचारलं. नाना चिडले नाहीत. म्हणाले, "इथं सगळे माऊली अस्तेत. घरी बाप अस्तो." नानांकडून मोबाईलच्या पलीकडचं पहिलंच उत्तर.

आणखी एक गोष्ट दिंडीत कुणी उघड बोलत नाही. 2020 आणि 2021 साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. अण्णा त्या दोन्ही वर्षी रोज पहाटे शेताच्या बांधावरून टाळ घेऊन फिरायचे, वारीचे दिवस भरेपर्यंत. त्यांचं काही चुकलं नाही. पण जी पोरं बापाच्या धाकानं येत होती त्यांना कळलं की न जाताही चालतं. पुढच्या वर्षी वारी सुरू झाली तेव्हा त्यातली निम्मी आलीच नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावलंही नाही. जागा रांगेतल्या रांगेत सरकून भरून काढल्या.

वाखरीहून पंढरपुरात शिरताना गर्दीत अंग आपलं राहत नाही. दर्शनाच्या बारीत मी उभा राहिलो नाही. आमच्यातल्या पुष्कळांसारखं कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीशी टेकलो, समोर चोखोबांची समाधी आहे तिथं थांबलो. मित्राचा पणजोबा इथूनच परत जात असणार. मी तिथला फोटो काढून मित्राला पाठवला. त्यानं फक्त 'पाहिलं' असं उत्तर पाठवलं.

काला झाला आणि मी थेट गावी गेलो. अण्णांनी दर्शनाचं विचारलं नाही. रांगेत पुढे कोण होतं, मागे कोण, मृदंग कोण धरत होतं, हेच सगळं विचारत राहिले. सगळं सांगून झाल्यावर मी त्या कपाचा विषय काढला. म्हटलं, तेव्हा तुम्ही 'रीत आहे' म्हणाला होतात, आता तरी सांगा.

अण्णा जरा वेळानं म्हणाले, "मलाबी पटत नव्हतं. पण आजी होती तुझी."

"आजीला जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हणून तर कप फेकला की."

आई आतून पीठ मळत ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "कप फेकला, पण त्याच्या जागी स्टीलचा पेला ठिवलाय म्या. येगळाच अस्तो, खुणंचा."

अण्णांना हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. ते उठून आत गेले, कुठला पेला म्हणून विचारायला लागले, आणि आई म्हणाली, इतकी वर्षं कधी विचारलं नाही, आजच काय झालं? मग दोघांचं जे जुंपलं ते भाकरी तव्यावर करपेपर्यंत. मध्ये पडायला मी गेलो तर दोघंही माझ्यावरच उलटले.