फुले झाडावरच का राहू देत नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. “एवढ्या निगुतीने वाढवलेली फुले तोडून फुलदाणीत कशाला घालता? झाडावर आणखी आठवडाभर राहिली असती, नाहीतर देवाला तरी वाहायची,” असे दर कार्तिकात कोणी ना कोणी मला ऐकवते आणि मी चहाचे विचारून विषय बदलते. या वर्षी तिघांनी विचारले.

माझे नेहमीचे उत्तर असे, की पावसाळ्यात लावलेला झिनिया आणि कॉसमॉस दिवाळीनंतर थकतात, झिनियाच्या पानांवर भुरी येते, आणि अशा वेळी फूल तोडले तर खालच्या डोळ्यांतून निदान एक नवी फूट मिळते; म्हणजे तोडणे ही छाटणीच. हे खरे आहे. पण हेच उत्तर मी शेवंतीच्या बाबतीतही देत आले आणि ते खरे नव्हते. रात्री मोठ्या झाल्या की शेवंती कळ्या धरते, तो तिचा वर्षाचा मुख्य बहर, आणि फुलदाणीसाठी लांब देठ कापला की बाजूच्या तीन-चार हिरव्या कळ्याही त्याच्याबरोबर जातात; त्या पाण्यात सहसा उमलत नाहीत. सासूबाई देवासाठी फूल देठाशी खुडत, ओंजळीपुरतेच, आणि सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू देत नसत. त्यांच्या पद्धतीत कळ्या वाचत, हे मी मान्य करते. मात्र देवाला वाहिलेल्या फुलाचे दुसऱ्या सकाळी निर्माल्य होते, त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही, आणि माझी शेवंती पाण्यात दहा-बारा दिवस टिकते, तरी जाब मलाच.

ती टिकते याचे कारण मी उजाडता उजाडता बादली हातात घेऊनच बागेत जाते, देठ तिरका कापून लगेच पाण्यात बुडवते, पाण्याखाली येणारी पाने काढून टाकते, एक दिवसाआड पाणी बदलते आणि फुलदाणी पिकत्या केळ्यांपासून लांब ठेवते. हंगामाच्या शेवटी सरळ देठ मिळत नाहीत. वाकडा देठ ज्या बाजूला कलतो त्या बाजूलाच त्याला कलू द्यावे, जड पिवळी शेवंती पितळी तांब्याच्या काठाशी खाली बसवावी, कॉसमॉस वर मोकळा सोडावा आणि मध्ये तुळशीच्या वाळत आलेल्या मंजिऱ्या खोचाव्यात, एवढेच मला येते.

एका वर्षी मात्र मी तोडली नव्हती. 2023च्या दिवाळीत घरी आलेल्या आत्याबाई फुलदाणीकडे पाहून म्हणाल्या, “ही काय, मेलेलीच की!” ते मला इतके लागले की त्या वर्षी मी शेवंतीला कात्री लावली नाही. दोन वाफे पूर्ण उमलले होते. 26 नोव्हेंबरला, त्रिपुरारी पौर्णिमेच्या दिवशी, रविवारी, नाशिकला अवकाळी पाऊस आला. वाऱ्याने झाडे आडवी केली, पाण्याने जड झालेली फुले चिखलात टेकली. भिजलेली फुले आत आणून उपयोग नसतो, दोन दिवसांत पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात, हे ठाऊक असूनही मी टॉर्च घेऊन ती गोळा करत होते आणि, सांगायला लाज वाटते, रडत होते.

तेवढ्यात निफाड तालुक्यातून धाकट्या दिरांचा फोन आला. ते म्हणाले, “वहिनी, बाग गेली.” मी म्हणाले, “आमचीही गेली हो, सगळी शेवंती आडवी झाली.”

या दोन वाक्यांमध्ये किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. त्यांच्याकडे बाग म्हणजे द्राक्षबाग, हे लग्न होऊन या घरात आल्यापासून मला माहीत आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन त्यांची बाग ऐन फुलोऱ्यात होती आणि गारांनी घड, काड्या, पाने, सगळे झोडपून काढले होते. सोसायटीचे कर्ज होते. त्यांनी मला एका शब्दाने टोचले नाही. थोडे थांबून म्हणाले, “तुमच्याकडेही झाला का पाऊस?” आणि फोन यांच्याकडे द्यायला सांगितला.

पुढच्या वर्षीपासून मी उमलली की तोडते. पावसाच्या भीतीने तोडते, असे मी स्वतःला बरीच वर्षे समजावू शकले असते, पण त्यातही एक अडचण आहे. त्या पावसात कुंपणालगतची ओळ वाचली होती. तिथे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडतो, पुरता अंधार मिळत नाही, म्हणून ती झाडे मागे राहतात. पाऊस आला तेव्हा त्यांच्यावर घट्ट कळ्याच होत्या. ती फुले डिसेंबरात उमलली, झाडावरच, मजेत. म्हणजे न तोडल्याने सगळेच गेले, असेही नाही. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी जाऊबाईंच्या पूजेसाठी ती मी लांब देठांसकट कापून ओल्या फडक्यात गुंडाळून निफाडला नेली, आणि अंगणात पोहोचल्यावर समोर उघड्या काड्यांची बाग पाहून गाडीतच ठेवली. परत आणली. फुलदाणीत घातली. अकरा दिवस टिकली, आणि अकरा दिवस मी त्या कोपऱ्याकडे पाहणे टाळले.

तेव्हा आत्याबाईंना मी आता काय सांगू? सुंदर दिसतात म्हणून तोडते, हे उत्तर त्या रात्रीनंतर मला तोंडातून काढवत नाही, आणि दुसरे कोणतेही उत्तर पूर्ण खरे नाही. तोडणे मात्र थांबवलेले नाही.

दीर अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी औषधांच्या दुकानात काही काम काढून नाशिकला येतात, जेवायला आमच्याकडेच असतात. त्यांनी हा प्रश्न कधीच विचारला नाही. परवा आले तेव्हा बिले ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला, आत डोकावले आणि म्हणाले, “वहिनी, पाणी बदलायला झालंय.”