कॅन्सर नव्हता, मग लाईट का घेतली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘गाठ साधी निघाली ना? मग लाईट कशाला?’ हे मला भाजीवालीपासून चुलतसासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. लाईट म्हणजे रेडिएशन, किरणांचे उपचार.

आजाराचं नाव कॅसलमन. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४ मध्ये तो नोंदवला आणि १९५६ मध्ये छातीतल्या अशाच गाठींच्या १३ रुग्णांबद्दल लिहिलं. जखम चिघळली की काखेत अवधाण येतं ना, त्याच जातीची एक ग्रंथी माझ्या दोन फुप्फुसांच्या मध्ये वाढत गेली. अशी एकच गाठ असली तर ती पूर्ण काढणं हा खरा उपाय. बहुतेकांचा आजार तिथेच संपतो. माझी मात्र फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली. त्यात या गाठीत रक्तवाहिन्यांचं जाळंच असतं. सर्जन म्हणाले, ‘ताई, गाठ राहील बाजूला, रक्त आवरणार नाही.’

साधी म्हणजे कॅन्सरसारखी पसरत नाही, एवढंच. ती श्वासनळीवर दाबत होती. दुसऱ्या मजल्यावर जाताना मी दोनदा टेकायचे.

मग लाईट. रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), वीस दिवस, एकूण ४०; शनिवार-रविवार सुट्टी. आधी स्कॅन करून छातीवर तीन ठिपके गोंदले, रोज नेम तिथेच लागावा म्हणून. आजी म्हणायची, मेल्यावर सोबत फक्त गोंदण जातं. चला, तेवढी सोय झाली! मशीनखाली काही दुखत नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र अन्ननलिका सोलवटली. गुरगुट्या भातसुद्धा खाली उतरताना जाळत जायचा. वहिनी बाळाला माझ्याजवळ देईना. तिला डॉक्टरांसमोरच नेलं: बाहेरून दिलेले किरण अंगात साठून राहत नाहीत.

पुढे काही वर्षांनी हृदयाला, फुप्फुसाला त्रास होऊ शकतो, हेही सही करण्याआधीच सांगितलं होतं. म्हणून तर साध्या गाठीला कुणी उठसूट लाईट देत नाही. मी दोन दिवस मागून घेतले, मग सही केली.

आणि तुमचा दुसरा प्रश्न: गेली का? नाही. पेरूएवढी होती, वर्षभरात हळूहळू लिंबाएवढी झाली, आता तेवढीच आहे. दुसरा मजला मात्र न टेकता चढते.