कॅन बसची नोंद : बेरीज पाच, तरी एबीएसचा पत्ता नाही

खंबाटकी उतरताना एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला आणि वेगाचा काटा पन्नासवरून थेट शून्यावर आला. दोन सेकंदांनी परत जागेवर. घरी येऊन स्कॅनर लावला तर कोड यू०१२१ : एबीएस युनिटशी संपर्क तुटला. एका गॅरेजमध्ये युनिटच बदलायला सांगितलं. पण ‘यू’ने सुरू होणारा कोड युनिट बिघडलंय असं म्हणत नाही, निरोप पोचत नाही एवढंच म्हणतो. म्हणून आधी तारा तपासायच्या असं ठरवलं. तारा म्हणजे कॅन बस : गाडीतली युनिट्स जिच्यावरून एकमेकांना निरोप देतात ती हाय आणि लो अशा दोन तारांची जोडी.

पहिला रविवार व्होल्टेजचा. ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्याच्या) ६ नंबरला कॅन हाय, १४ नंबरला कॅन लो, काळा प्रोब ४ नंबरच्या बॉडी अर्थवर. मल्टिमीटरचे जाड प्रोब सॉकेटमध्ये खुपसू नका, आतल्या पट्ट्या फाकतात आणि मग नवाच लूज काँटॅक्ट मागे लागतो. मी जुन्या स्कॅनरचा प्लग उघडून त्याच्या तारा बाहेर काढून ठेवल्यात. चावी ऑन : हाय २.७१, लो २.२८.

हे आकडे कसे वाचायचे ते जरा सविस्तर सांगतो. बस शांत असते तेव्हा दोन्ही तारा २.५ व्होल्टवर. कुणी बोललं की हाय ३.५ ला चढते आणि लो १.५ ला उतरते. ५०० केबीपीएसच्या (सेकंदाला पाच लाख बिट) बसवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा, मल्टिमीटर त्याच्या मागे धावू शकत नाही, तो सरासरी दाखवतो. म्हणजे २.७१ चा अर्थ, साधारण एकवीस टक्के वेळ बसवर वरची पातळी होती. हाय जेवढी चढते तेवढीच लो उतरते, म्हणून दोघींची बेरीज पाचच्या आसपास हवी. माझी आली ४.९९. हाय अर्थला चिकटली असती तर दोन्ही तारा शून्याजवळ बसल्या असत्या, लो बॅटरीच्या तारेला लागली असती तर दोन्ही बाराकडे गेल्या असत्या. तसं काहीच नव्हतं. तारा ठीक आहेत असं वहीत लिहिलं, आणि तिथेच चुकलो.

त्या आठवड्यात पाऊस लागला आणि दिवा कायमचा पेटून राहिला. दुसऱ्या रविवारी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, पंधरा मिनिटं थांबलो आणि ६ व १४ मध्ये ओहम मोजले. (बस जागी असताना ओहम मोजले तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.) बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर, म्हणून ६० यायला हवेत. आले ११९.६. म्हणजे एक टोक गायब. माझ्या गाडीत एक रेझिस्टर ईसीएममध्ये (इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये), दुसरा एबीएस युनिटमध्ये आहे. एबीएसचा कपलर (तारांचा प्लग) काढला, आकडा हलला नाही! त्या बाजूचा रेझिस्टर आधीपासूनच हिशेबात नव्हता. ज्यांच्या गाडीत ओबीडी सॉकेट गेटवेच्या (वेगवेगळ्या बस जोडणाऱ्या युनिटच्या) पलीकडे आहे त्यांना मात्र हे मोजमाप गेटवेच्या आत घ्यावं लागेल.

आता कोणती तार? बॅटरी जोडली, कपलर बाहेरच ठेवला, चावी ऑन. वायरिंगच्या बाजूच्या कपलरवर हाय २.७, लो ०.०४ आणि आकडा नुसता तरंगणारा. ओबीडीवर २.२८ दाखवणारी तीच तार इथे मेलेली होती. व्होल्टेज एकाच जागी मोजलं की तिथपर्यंतचीच खबर मिळते, हे मला त्या आकड्याने शिकवलं.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर सापडलं. उंदरांनी कापडी टेप कुरतडलेली, पिळलेल्या जोडीतल्या एका तारेचं आवरण नखभर गेलेलं, तांबं हिरवं पडलेलं आणि तुटलेली टोकं एकमेकांना टेकत-न टेकत उभी. कोरड्या दिवसांत खड्ड्यावर सुटायची, पावसात गंज चढला आणि पूर्ण सुटली.

हिरवं तांबं चमकेपर्यंत मागे कापलं, त्याच जाडीचा तुकडा डाग देऊन जोडला, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. पीळ दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडला नाही आणि जोडल्यावर पुन्हा घातला. यात आळस नको. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि फरक घेताना निघून जातो, हे सगळं त्या पिळाच्या जोरावर चालतं.

नंतर : ६०.३ ओहम. हाय २.६४, लो २.३६. ऑसिलोस्कोपवर दोन्ही चॅनेल लावले तेव्हा एक लाट वर, दुसरी खाली, आरशातल्यासारख्या, कडा सरळ. बराच वेळ बघतच बसलो.

काल पुन्हा खंबाटकी, भर पावसात, दोन्ही बाजूंनी. काटा ढळला नाही, कोडची यादी रिकामी. ट्रेखाली बारीक जाळी बसवायची राहिलीय, ती येत्या रविवारी.