व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प, तीनशे ओहम आणि सोलापूरचं ऊन

आधीच सांगून टाकतो, म्हंजे ज्यांना घाई आहे ते पुढं जातील. ट्यूब ॲम्प (ट्यूब म्हंजेच व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी) आल्यापासनं माझ्या हेडफोनमधनं आधी ऐकू येत नव्हतं असं एकही नवीन वाद्य ऐकू आलेलं नाही. "पडदा हटला", "गायक समोर येऊन बसला" असलं जे व्हिडिओत सांगतात ते आमच्याकडं तरी झालं नाही. जे झालं ते लहान आहे आणि मला विचाराल तर त्यातलं निम्मं श्रेय ट्यूबचं नाहीच, ओहमचं, म्हंजे विजेच्या अडथळ्याचं आहे. पण ते जे काय लहानसं आहे त्याच्यापायी रोज रात्री जेवायला बसायच्या आधी मी तो लोखंडी डबा चालू करून ठेवतो, ताटावरनं उठेपर्यंत तो तापून तयार, आणि घरचे हसतात, हसू देत.

सेटप सांगतो. हेडफोन सेनहायजर एचडी ६५०, २००३ सालचं मॉडेल, ३०० ओहमचा. लॅपटॉपला साधा यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारा डबा), तिथनं ॲम्प. ॲम्प सिंगल एंडेड ओटीएल आहे, सिंगल एंडेड म्हंजे सिग्नलची पूर्ण लाट एकच ट्यूब उचलते, आणि ओटीएल म्हंजे आउटपुटला ट्रान्सफॉर्मरच नाही, ट्यूबमधनं निघालेला सिग्नल मोठ्या कपॅसिटरमधनं थेट हेडफोनला जातो. पुढं एक ६एसएन७ ट्यूब आणि तिच्यामागं जाडजूड ६०८०. कंपनी कुठली विचारू नका, कंपनीच नाही, पुण्यातल्या एका हौशी माणसानं स्वतः बांधलेला, त्याच्याकडनं सेकंडहँड घेतला. सोल्डरिंग लई स्वच्छ आहे हे मात्र मान्य करायला पाहिजे, वायरी अशा वळवल्यात की झाकण उघडून बघत बसावं. (झाकण उघडायचं तर आधी प्लग काढायचा आणि मोठे कपॅसिटर डिस्चार्ज झालेत का ते मीटरनं बघायचं. आत शंभर-दीडशेच्या वर डीसी व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही वेळ राहतात, उगाच हिरोगिरी नको.)

६०८० ही खरं तर गाण्यासाठी काढलेली ट्यूबच नाही. ६एएस७ म्हणून जी जुनी ट्यूब होती तिचीच ही मजबूत आवृत्ती, आणि तिचं मूळ काम पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज रेग्युलेट करायचं. पण एका काचेत दोन ट्रायोड (सिग्नल मोठा करणारे तीन इलेक्ट्रोडचे संच) आणि ट्यूबच्या मानानं करंट भरपूर, म्हणून हेडफोनवाल्यांनी तिला पकडली, एक ट्रायोड डाव्या कानाला, एक उजव्या. तिचा फक्त हीटर ६.३ व्होल्टला अडीच ॲम्पिअर खातो, म्हंजे जवळजवळ १६ वॅट, ६एसएन७ चे चारेक वॅट वेगळे. वीस वॅट गेले आणि अजून गाण्याचा पत्ता नाही, नुसती शेगडी पेटली. काचेला बोट लावलं तर फोड येणार, घरात लहान पोर आहे म्हणून वरनं जाळीचा पिंजरा करून घेतलाय.

अप्पांना मात्र ह्यातलं काही नवीन नाही. त्यांच्या लहानपणी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, बटण फिरवलं की आधी नुसता दिवा लागायचा आणि मग अर्ध्याएक मिनिटानं आवाज हळूहळू वर यायचा. ॲम्प पहिल्यांदा चालू केला तेव्हा ते येऊन बघून गेले आणि म्हणाले, "अरे, हे सगळं मोडीत गेलं म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवलेले, आणि तू पैसे देऊन परत आणलंस?" ह्याला उत्तर नाही.

आता आवाज. आधी तानपुरा, कारण मला फरक पहिल्यांदा कळला तो तिथं. किशोरीताईंचं एक जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं, त्यात पहिली दोनेक मिनिटं नुसते तानपुरे आहेत. माझ्या छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर ते स्वच्छ ऐकू येतात, तारा मोजता येतील इतके स्वच्छ. ट्यूबवर तारा मोजाव्याशा वाटत नाहीत, सगळ्यांचा मिळून एक गोल होतो आणि त्या गोलात ताई सुरू करतात तेव्हा पहिला सा त्यातनंच निघाल्यासारखा येतो. हे मला आधी मनाचे खेळ वाटले. पण ह्याला कारण आहे आणि ते कारण गाणं शिकलेल्या माणसाला तर लगेच पटावं.

सिंगल एंडेड ट्रायोड सिग्नलमध्ये जी भेसळ करतो ती मुख्यतः सेकंड हार्मोनिकची, म्हंजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांची. समजा सा २४० हर्ट्झचा आहे, तर भेसळ ४८०ची, म्हंजे तार सा. तोच स्वर, एक सप्तक वर. तिसरा हार्मोनिक ७२०, तो तार सप्तकातला पंचम, पाचवा १२००, तो आणखी वरचा गंधार. तानपुऱ्याची जवारी चांगली लागली की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो ह्याच घराण्यातला. मग ट्यूबनं वरचा सा थोडा जास्त मिसळला तर कान तक्रार कशाला करेल, कानाला ते भरीव वाटतं. मोजमापवाले म्हणतात ट्यूबचं डिस्टॉर्शन जास्त आहे, शंभर टक्के बरोबर आहे, जास्तच आहे, फक्त ते सुरात आहे.

पण थांबा, हे एकट्या गळ्यापुरतं. दोन वेगळे स्वर एकदम आले की हीच भेसळ त्यांची बेरीज आणि वजाबाकी पण करते, आणि ते जे स्वर तयार होतात ते सुरात असतीलच असं नाही. म्हणून गर्दीच्या संगीतात मजा कमी होते. माझा एक दोस्त आहे, साखर पेठेतला, घरी तेलुगू बोलतात, घरचा धंदा टॉवेलचा, आणि हा पठ्ठ्या इळैयाराजाचा भक्त. ऐंशीच्या दशकातली गाणी घेऊन येतो, खाली बास गिटारची स्वतंत्र चाल आणि वर वीसतीस व्हायोलिनं. बास गिटार ट्यूबवर लई देखणी लागते, पण व्हायोलिनं जिथं सगळी एकदम उठतात तिथं ती माणसं न राहता ढग होतात. त्यालाही ते ऐकू आलं, मी काही न सांगता.

दुसरी परीक्षा माझी खास सोलापुरी आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सातही नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते उंच ध्वज पेलत चाललेले असतात, तेव्हा मी छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग केलं होतं. हलगी, सनई, मागं हजारो माणसांचा "हर्र" आणि मधेच कुणाची तरी पोरगी फुगा मागत रडतेय. ह्यात माझा ट्रान्झिस्टर ॲम्प सरळसरळ जिंकला. हलगीवर काडी पडते तो टच्च आवाज ट्यूबवर थोडा बोथट होतो. सनई गोड होते, पण यात्रेतली सनई गोड नसतेच मुळी, ती कानात घुसायला पाहिजे. फुगा मागणारी पोरगी मात्र दोन्हीकडं सारखीच हट्टी.

आता ओहमचं, जे लोक सांगतच नाहीत. ह्या ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हंजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, साधारण १२० ओहम आहे. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण सगळीकडं ३०० नाही, ८०-१०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पिडन्स ५०० च्या घरात जातो. आता साधा हिशोब करा, ॲम्पचे १२० आणि हेडफोनचे ओहम व्होल्टेज आपापल्या प्रमाणात वाटून घेतात. ३०० ला ॲम्पच्या व्होल्टेजपैकी ७१ टक्के हेडफोनला मिळतात, ५०० ला ८१ टक्के. म्हंजे खालच्या बासला बाकीच्यांपेक्षा एक डेसिबल जास्त, फुकटात. तबल्याचा बायाँ जो भरदार वाटतो, पुरुषी गळ्याला जी छाती येते, भीमसेनजींचा खर्ज जो पोटातनं येतो असं वाटतं, त्यातलं बरंचसं हे एक डेसिबल आहे. खात्री करायची असेल तर ट्रान्झिस्टर ॲम्पच्या आउटपुटला सिरीजमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लावा, दोन रुपयांचं काम. मी लावून बघितला आणि निम्मी "ट्यूबची ऊब" तिथंच आली. उरलेली निम्मी नाही आली, ती तानपुऱ्याची.

दोस्ताला बसवून आम्ही नीट तुलना पण केली. ४०० हर्ट्झचा टोन लावून दोन्ही ॲम्पचे व्होल्ट मीटरवर सारखे केले, कारण जरा मोठा असेल तो ॲम्प कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि तिथंच अर्धे रिव्ह्यू फसतात. मग तो खुर्चीत पाठ करून, मी मागं स्विचवर. गाणं सुरू असताना त्याला मधूनमधून विचारायचं आता कुठला. एकट्या गळ्याला आणि तानपुऱ्याला तो बऱ्यापैकी ओळखत होता, बाकी ठिकाणी नुसते अंदाज, पावसाच्या अंदाजासारखे. मग भूमिका बदलल्या, माझंही तेच. शेवटी हेडफोन काढून म्हणाला, "लई फरक नाही बे. पण हा बंद करू नको, राहू दे चालू." अख्ख्या इंटरनेटवर ह्याच्यापेक्षा प्रामाणिक रिव्ह्यू मी वाचलेला नाही.

ट्यूब बदलून बघायचा नाद मी फार केला नाही. ६एसएन७ काढून तिची रशियन बहीण लावली, फरक होता म्हणायला होता. ज्यांना दर ट्यूबमागं वेगळा स्टेज आणि वेगळी हवा ऐकू येते त्यांच्या कानाला नमस्कार.

आता सोलापुरात हा ॲम्प चालवायचा म्हंजे काय ते. आमच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. त्यांची खटखट कानाला सवयीची आहे, ती ऐकूच येत नाही आता, पण ट्यूबला येते. ट्यूबच्या आत बारीक जाळ्या आणि पत्रे उभे असतात, ते हलले की सिग्नल हलतो, काचेवर पेन्सिलीनं टिचकी मारा, हेडफोनमध्ये टिंग्ग वाजतं. माग सुरू असले की टेबलातनं ती थरथर वर यायची आणि शांत आलापाच्या मागं बारीक किणकिण. आधी रबराचे पाय लावले, थोडं कमी झालं. मग खाली चार पदरी टर्किश टॉवेल, त्याच्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, त्याच्यावर ॲम्प, आणि किणकिण गेली. टॉवेल अर्थात दोस्ताच्या कारखान्यातला. फरशी मधे पाहिजेच, थेट टॉवेलवर ठेवू नका, खालनं हवा जायला पाहिजे.

हम पण होता, तो ५० हर्ट्झचा भुंगा. ॲम्पला नावं ठेवायच्या आधी नवी पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या मामांना घरी आणलं, त्यांनी ॲम्पकडं बघितलं पण नाही, सरळ मीटरबॉक्सपाशी गेले. "मालक, अर्थिंगच नाही की तुमच्या घराला. पिन तीन आहेत, तिसरीत वायर कुठाय?" जुनं घर, खड्डा वाळून कोरडा पडलेला. मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं, भुंगा गेला. एकदम कमी ओहमचे सेन्सिटिव्ह इअरफोन लावले तर अजून किंचित आहे, पण ते ह्या ॲम्पला लावायचेच नसतात.

व्होल्टेजचं दुखणं वेगळं. रात्री उशिरा माग बंद झाले की आमच्याकडं २५० पर्यंत चढतं. हीटरचा ट्रान्सफॉर्मर २३० ला ६.३ देतो, २५० ला तो ६.८५ देणार, म्हंजे नऊ टक्के जास्त, आणि दहा टक्क्यांच्या पुढं ट्यूबच्या आयुष्याला ते बरं नाही. स्टॅबिलायझर लावला. म्हंजे आता हेडफोन ऐकायला डॅक, ॲम्प, स्टॅबिलायझर, फरशी आणि टॉवेल.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो, रात्री भिंती तापलेल्या, त्यात टेबलावर ही शेगडी आणि कानावर मखमली पॅड, कोण ऐकणार. पंखा लावला तर ओपन हेडफोनमधनं पंखाच ऐकू येतो. त्यामुळं होळी झाली की ॲम्प झाकून ठेवायचा आणि छोट्या ट्रान्झिस्टरवर यायचं. आठ दिवस सगळं जरा सुकं वाटतं, मग कान विसरतात.

दोस्ताला आता असलाच बांधून पाहिजे. त्याच्याकडं ३७ ओहमचा प्लेनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन आहे, तो ह्याला लावून बघितला होता आम्ही. १२० ओहमच्या पुढं ३७ म्हंजे चारातले तीन व्होल्ट वाटेतच गळतात, आवाज मोठा करावा तर ट्यूबला एवढा करंट देता येत नाही, बायाँवर जोरात हात पडला की फाटलाच. तरी म्हणतो, दिसतो भारी, रात्री लाल उजेड पडतो. मी त्याला सांगितलंय, लाल उजेडासाठी झिरोचा बल्ब मिळतो अशोक चौकात, ॲम्प पाहिजे असेल तर आधी तो प्लेनर विक आणि ३०० ओहमचा घेऊन ये, मग पार्टची यादी देतो. अजून विकलेला नाही.