काटा 115, गाडी 100

चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळच्या आमच्या गॅरेजात तो पोरगा आला तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. जुनी सेडान, मागच्या चाकांवर चालणारी, आत 1800 सीसीचं जपानी पेट्रोल इंजिन.

"दादा, हायवेला वाऱ्यासारखी जाते. कुंभार्ली घाटात तिसऱ्या गियरात मरते आणि दुसऱ्यात बोंबलते. 4.9 चा क्राऊन-पिनियन टाका."

क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या हौसिंगमधली दातेरी चाकांची जोडी, इंजिनकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं फिरणं चाकांना देणारी. 4.9 म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.9 फेरे. हौसिंग उघडण्याआधी एक मागचं चाक जॅकवर घेतलं, गाडी न्यूट्रल केली, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण केली आणि चाक हाताने बरोबर दोनदा फिरवलं. दुसरं चाक जमिनीवर असलं की दोन फेऱ्यांचा हिशेब धरायचा, हे नव्या पोरांना शंभरदा सांगावं लागतं. शाफ्ट पावणेचारला जरा कमी फिरला. म्हणजे पिनियन 11 दातांचा, क्राऊन 41 चा. 3.73.

मग गाडी ढकलून चाकाचा एक फेरा फरशीवर मोजला, 185 सेंटिमीटर. चौथा गियर थेट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गणित पाटीवर मावतं. 100 च्या वेगाला आत्ता इंजिन मिनिटाला साधारण 3350 फेरे घेतं. 4.9 घातला तर 4400.

"आवाजाने पनवेलपर्यंत डोकं उठेल रे. 4.3 घेऊ, 3900 च्या आत राहशील."

तोंड वाकडं करून का होईना, तो कबूल झाला.

43-10 ची जोडी मिळाली. जोडीच घ्यायची, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घातला की हौसिंग जन्मभर रडतं. शेंदूर तेलात कालवून दातांना लावला आणि फिरवून बघितलं. ठसा दाताच्या शेंड्याकडे उमटला, म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब. सगळं परत खोललं, पिनियनमागे जाड शिम, म्हणजे अंतर भरायची चकती, घातला. तिसऱ्या खेपेला ठसा मधोमध आला, कुंकवाच्या चिरीसारखा. दातांमधला ढिलेपणा डायलवर 0.15 मिलिमीटर. नव्वद नंबरचं तेल भरलं आणि चावी त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी हसतच परतला. "पोफळीपासून वरपर्यंत तिसऱ्यात! आणि सावर्ड्याकडे 3900 वर 115 गेली. तुमचं गणित चुकलं दादा, तुम्ही 100 म्हणाला होतात."

पोरांसमोर असं कुणी बोललं की लागतं. पाटीवरचं गणित दोनदा तपासलं. बरोबर होतं. मग त्याच्या शेजारी बसलो, मोबाईलवर जीपीएस लावला. काटा 115 वर, मोबाईल म्हणतो 100.

चूक माझीच. स्पीडोमीटरची केबल निघते गियरबॉक्सच्या शेपटातून. मागे हौसिंगमध्ये आपण काय बदललं, तिला काय ठाऊक? 3.73 चं 4.3 झालं, काटा बरोबर 15 टक्के खोटं बोलायला लागला. वीस वर्षं हे काम करतोय आणि एवढी साधी गोष्ट विसरलो.

केबलच्या टोकाचा पिनियन 13 दातांचा होता, तिथे 15 दातांचा हवा. जुन्या डब्यातून शोधून काढला.

"राहू दे ना तसाच," तो म्हणाला. "115 बघायला बरं वाटतं."

मी बदललाच. क्राऊन-पिनियनचे पैसे त्याने न बोलता दिले. त्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पिनियनवर मात्र अर्धा तास घासाघीस केली.